साडूभाऊंना सगळं ठाऊक असतं

सातही अमिरातींत मिळून माझ्या थोरल्या साडूंइतका चौकस माणूस दुसरा नाही, हे मी शारजातल्या रोल्लाच्या भर बाजारात उभं राहून सांगायला तयार आहे. चौकस म्हणजे नुसता भोचक नव्हे. तसा आपल्यात घरटी एक असतोच. साडूभाऊंची श्रद्धा अशी, की जगातल्या प्रत्येक वस्तूला आणि माणसाला मागचा इतिहास असतो आणि तो कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. शारजात पहिल्यांदा भाड्याने फ्लॅट घेतला तेव्हा आधीचा भाडेकरू कोण होता, तो का गेला, जाताना त्याचा चेहरा कसा होता, हे सगळं वॉचमनकडून काढून घेतल्यावरच त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, स्वयंपाकघर दाखवलं. जुना फ्रिज विकत घ्यायला गेले तेव्हा विकणाऱ्या सद्गृहस्थांना त्यांनी विचारलं, "इसमें आप लोग क्या क्या रखते थे?" ते गडबडून म्हणाले, "दूध, सब्जी, और क्या?" साडूभाऊ म्हणाले, "और फ्रीजर में?" फ्रिज घरी आला, पण त्याआधी साडूभाऊ त्या घरी दोनदा चहा पिऊन आले होते. कलिंगडाच्या बाबतीत ते कुठल्या देशाचं एवढ्यावर त्यांचं भागत नाही. ते तिथून कधी निघालं, बोटीत वर होतं की तळाशी, इथे आल्यावर रात्र कुठे काढली, हेही लागतं. मागे ताई उभ्या राहून "अहो, बारा दिरहॅम, म्हणजे पावणेतीनशे रुपये! कलिंगडाला!" असा हिशेब मोठ्याने करत असतात. तो फळवाला साडूभाऊ लांबून दिसले की स्टूल ओढून बसून घेतो, कारण हे उभ्याने निभणारं काम नाही हे तो आता शिकला आहे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या बाकीच्यांनी माझी पत्रिका बघितली. साडूभाऊंनी माझी मेस बघितली. तेव्हा ते सुट्टीवर पुण्यात आले होते. मी जिथे दोन वेळा जेवायचो तिथल्या काकूंकडे जाऊन त्यांनी पाहुण्याचं ताट घेतलं आणि भात येईपर्यंत माझी सगळी कुंडली मांडून घेतली. मुलगा ताटात टाकतो का, आमटी दुसऱ्यांदा मागतो तेव्हा कसा मागतो, न आवडणारी भाजी असली तर काय करतो. मग सासऱ्यांना त्यांनी अहवाल दिला : "मुलगा दोडक्याची भाजी रुमालात बांधून बाहेर नेतो. म्हणजे लाजाळू आहे, उद्धट नाही. द्यायला हरकत नाही." हे मला लग्नाच्या पंगतीत, सगळ्या वऱ्हाडासमोर, दोडक्याची भाजी वाढताना कळलं. मी तेव्हा रागावलो होतो. आता वाटतं, माझ्याविषयी इतक्या कष्टाने माहिती मिळवणारा दुसरा कोण भेटला मला? खुद्द मी तेवढी मिळवलेली नाही.

अशा माणसाला नोकरी कोणती मिळावी? देवाने कधी नव्हे ते बरोबर माप घेतलं. आमची कंपनी शाळांना बसड्रायव्हर, हॉस्पिटलांना वॉर्डबॉय, बंदरांना क्रेन ऑपरेटर आणि सगळ्यांना सिक्युरिटी गार्ड पुरवते, आणि आलेल्या प्रत्येक माणसाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या खात्याचे साडूभाऊ प्रमुख. दुबई मरीनामध्ये आमचं हेड ऑफिस आहे. खाली पांढऱ्याशुभ्र बोटी डुलत असतात, लोक फोटो काढायला लांबून येतात, आणि साडूभाऊ खिडकीकडे पाठ करून कोणाच्या तरी मागच्या नोकरीचा दाखला उजेडाला धरून बघत असतात. मीही पुढे त्याच कंपनीत ॲडमिनला लागलो. लोकांना वाटतं वशिल्याने लागलो. साडूभाऊंनी माझ्या अर्जावर शेरा मारला होता : "नातेवाईक आहे. अधिक कसून तपासावा." माझ्याबरोबर अर्ज केलेले सगळे पगार घ्यायला लागले तरी मी आपला तपासलाच जात होतो.

कागदांवर मात्र त्यांची भिस्त अर्धीच. उरलेली अर्धी फ्रिजवर. आपल्याकडची एकटी आलेली माणसं इथे एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण राहतात. खोलीत फ्रिज एकच, आणि त्यात प्रत्येकाचा डबा, झाकणावर नावाची पट्टी. साडूभाऊ अचानक अशा खोलीवर जातात, "जरा पाणी मिळेल का गार?" म्हणून स्वतःच फ्रिज उघडतात, आणि पाणी पिताना कप्पे वाचून काढतात. "ज्याच्या डब्याला कुणी हातच लावत नाही तो भांडखोर," ते मला सांगतात. "ज्याचा डबा सगळेच संपवतात तो भोळा. आणि ज्याच्या डब्यावर नावच नाही, त्याला उद्या ऑफिसला बोलवा." मी एकदा विचारलं, आपल्या घरच्या फ्रिजवरून तुमच्याविषयी काय कळतं? त्यावर ताई आतून म्हणाल्या, "एवढंच, की हे माझ्या डब्यांची झाकणं नीट लावत नाहीत." त्यांची मुलगी तर मैत्रिणींना घरी आणायची बंदच झाली आहे. एका मैत्रिणीला साडूभाऊंनी "बेटा, इससे पहले कौनसे स्कूल में थी? क्यों छोड़ा?" असं विचारलं होतं. "बाबा, यू कान्ट इंटरव्ह्यू माय फ्रेंड्स!" असं ती पाय आपटत म्हणाली, तर हे शांतपणे, "अगं, इंटरव्ह्यू नाही, प्रीलिमिनरी."

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रचंड अभिमान होता : आपलं माणूस वाचणं चुकत नाही. साडूभाऊंचा निर्णय चुकला असं कधी झालेलं नाही. निदान त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालेलं नाही, आणि उलट पुरावा ताईंनाही इतक्या वर्षांत सापडलेला नाही. वाटेत रस्ता चुकला तर तो रस्ताच नवीन झालेला असतो. चहात साखर जास्त पडली तर साखरेची जात बदललेली असते. कंपनीत नवीन पोरांना कामाला लावताना आम्ही सगळे छाती फुगवून सांगायचो, "हे आमचे सर. ह्यांच्या हातून एकही कागद सुटलेला नाही." आणि साडूभाऊ न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचे.

कंपनीचा सगळ्यात कडक नियमही त्यांनीच लिहिलेला : ज्याच्यावर इथे कधीही, कसलीही पोलीस केस झाली असेल, त्याला कुठल्याही ग्राहकाच्या गेटमधून आत पाठवायचं नाही. नियम क्रूर वाटेल, पण मागे विचार होता. शाळेच्या बसमध्ये कोणाची तरी पोरं बसणार, तेलाच्या टर्मिनलवर एक ठिणगी पडली तर गाव पेटणार. गेटपास हा कंपनीचा शब्द असतो आणि कंपनीचा शब्द म्हणजे साडूभाऊंची सही.

या नियमात देवगडकडचा दत्ताराम अडकला होता. दत्ताराम हे त्याचं खरं नाव नव्हे, गावही देवगडकडचं नव्हे. का बदललं ते पुढे कळेलच. गोष्टीतला मासा मात्र बांगडाच होता, तो बदलायला मन होईना. न्हावा-शेव्याच्या बंदरात क्रेन चालवून हात बसलेला हा माणूस इथे आला आणि पहिल्याच खोलीत त्याची गाठ पडली बिहारच्या एका शुद्ध शाकाहारी पहिलवानाशी. एका सुट्टीच्या दिवशी दत्तारामने सकाळपासून खपून बांगड्याचं तिखलं केलं. तो आंघोळीला गेला, आणि वासाने कावलेल्या पहिलवानाने आख्खं पातेलं उचलून कचऱ्यात ओतलं. दत्ताराम टॉवेलवर बाहेर आला, रिकामं पातेलं बघितलं, आणि हातात आला तो डाव पहिलवानाच्या कपाळावर घातला. टाके पडले, पोलीस आले, केस झाली, दत्ताराम काही काळ आत बसून आला. तेवढ्या काळापुरतं खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्या घरी एकच सांगितलं : वाळवंटातल्या साइटवर गेलाय, तिथे रेंज नाही. इथे ही पद्धतच आहे. ज्याच्या घरून फोन येतो त्याला आधी साइटवर पाठवतात, मग त्याच्या सुटकेचं बघतात. बायकोला आजतागायत तेवढंच माहीत. पण कंपनीच्या कागदात डाव कुठे लिहितात? तिथे लिहिलं होतं, "धातूच्या वस्तूने हल्ला." फुजैरा बंदराच्या टर्मिनलवर दोनदा क्रेन ऑपरेटरची जागा निघाली. पगार बरा, आणि मुख्य म्हणजे राहायला घर, म्हणजे बायको आणि मुलगी इथे येऊ शकणार. दोन्ही वेळा दत्तारामने अर्ज केला, दोन्ही वेळा साडूभाऊंनी नियमावर बोट ठेवलं. दत्ताराम आपला कंपनीच्याच शारजातल्या गोदामात फोर्कलिफ्टवर पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचत राहिला. दुसऱ्यांदा नकार घेऊन जाताना तो दारात थांबून म्हणाला, "साहेब, माका दुसरा काय नको, गेटपास तेवढो होयो." साडूभाऊ म्हणाले, "नियम आहे." आणि त्या दिवशी डबा न खाता घरी नेला. मी विचारलं तर म्हणाले, भाजी उतरली होती.

मग इथल्या सरकारचे नियम बदलले. लहानसहान गुन्ह्यात शिक्षा भोगून झालेल्या आणि पुढे सरळ वागलेल्या माणसाला कोरा दाखला मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. फुजैराची जागा पुन्हा निघाली, आणि दत्ताराम तिसऱ्यांदा टेबलासमोर येऊन उभा राहिला. यावेळी हातात पोलिसांचा दाखला होता, आणि त्यात त्याच्या नावावर काहीही नव्हतं. साडूभाऊंनी तो उजेडाला धरला, उलटा केला, वास घेतला. अस्सल होता. त्या दिवशी संध्याकाळी शारजाकडे परत येताना ट्रॅफिकमध्ये ते एकदम म्हणाले, "अरे, पोलिसांनी पाटी पुसली. कोर्टात काही नाही, सिस्टिममध्ये काही नाही. आता ही केस या जगात राहिली कुठे, सांग?" मी म्हटलं, "कुठे?" त्यांनी स्टिअरिंग सोडून आपल्या टकलावर टिचकी मारली. "इथे!" मागून हॉर्न वाजले. "पुढे चला," मी म्हटलं. "तेच तर जमत नाहीये," ते म्हणाले, आणि गाडी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी ते गार पाणी प्यायला दत्तारामच्या खोलीवर गेले. मला बरोबर नेलं. फ्रिज उघडला, तर एकाच मोठ्या डब्यावर दोन नावांची पट्टी होती. दत्ताराम कामावर होता. डब्याचा दुसरा मालक खाटेवर बसून लुंगी शिवत होता, आणि त्याच्या कपाळावर भुवईच्या वर पांढरी रेघ होती. साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे सरळ विचारलं, ही खूण कसली? पहिलवान हसून म्हणाला, "अरे साब, ये तो मछली का निशान है." मग लुंगी बाजूला ठेवून गंभीर झाला. "गलती मेरी भी थी, साब. आदमी छुट्टी के दिन एक चीज़ पकाता है, और मैंने पूरा पतीला फेंक दिया. उसका केस हुआ, मेरा कुछ नहीं हुआ. अब वो मेरे लिए पहले दाल निकालता है, फिर अपनी मछली चढ़ाता है." साडूभाऊंनी पाण्याची बाटली पुन्हा जागेवर ठेवली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

त्यांनी कंपनीचा नियम बदलायचा प्रस्ताव दिला. स्वतः लिहिलेला नियम, स्वतःच! जुनी, किरकोळ केस असेल आणि सरकारी दाखला कोरा असेल तर आपणही ती कोरीच मानायची. जुनी फाइल बंद करायची आणि कोणी, कुठेही, त्याविषयी बोलायचं नाही. आमचे जनरल मॅनेजर लेबनॉनचे, घाईचे गृहस्थ. त्यांनी मीटिंग बोलावली आणि विचारलं, "हबीबी, याचा खर्च काय?" आता साडूभाऊंचा प्रामाणिकपणा असा, की विरोधकाची बाजूही ते स्वतःच मांडतात, कारण विरोधक ती नीट मांडेल याची त्यांना खात्री नसते. ते उभे राहिले आणि नियम बदलण्याचा खर्च सांगू लागले. सगळ्या जुन्या फाइली पुन्हा उघडाव्या लागतील, माणसं त्यात अडकतील. विमावाले कपाळाला आठ्या घालतील. शाळांना सांगावं तर आईबाप घाबरतील, न सांगावं तर उद्या आम्हाला फसवलं म्हणतील. कोऱ्या दाखल्यावर आत गेलेला एक जरी पुन्हा घसरला तरी त्याची किंमत आपण नाही, बसमधली पोरं देतील. त्यांनी हे सगळं इतकं उत्तम मांडलं की मी मनातून दत्तारामच्या विरोधात गेलो. जनरल मॅनेजरनी लॅपटॉप मिटला. "खलास. मग नको बदलायला."

"सर, इंटरव्हल झाला," साडूभाऊ म्हणाले. "आता न बदलण्याचा खर्च." आणि ते बोलायला लागले. फुजैरात क्रेन उभी आहे, खाली जहाज उभं आहे, त्या जहाजाची वाट बघत मागचं जहाज उभं आहे. ती क्रेन चालवणारा हात आपल्याकडे आहे आणि आपण त्याला पाण्याच्या बाटल्या रचायला बसवलाय. त्याच्या जागी आपण लांबच्या देशातून नवा माणूस आणतो, त्याचं तिकीट, त्याचा व्हिसा, त्याचं शिकणं, आणि तो वाऱ्याला घाबरून महिन्यात परत जातो. हे सगळं शेवटी कोणाच्या अंगावर पडतं? दुकानात वस्तू घेणाऱ्याच्या. "आणि सर, एका माणसाला त्याच्या एका दुपारसाठी आपण किती वर्षं बाहेर उभं करणार? तिकडे त्याची मुलगी बापाशिवाय मोठी होते. तो खर्च मी कुठल्या कॉलममध्ये टाकू? मला कॉलम दाखवा, मी टाकतो." इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करतोय, त्यांचा आवाज असा चिरकलेला ऐकला नव्हता. जनरल मॅनेजरनी मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाले, "आणि एखादा चुकला, तर खर्च कोणी उचलायचा?" साडूभाऊ म्हणाले, "माझ्या नावावर टाका." ते खुर्चीत बसले तेव्हा मला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, की हे माझे साडू आहेत. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं, म्हणून गप्प बसलो.

नियम बदलला, पण त्यातलं न बोलण्याचं कलम पाळायची वेळ आली तेव्हा ते लिहिणाऱ्याचेच हाल झाले. दत्तारामचं नाव निघालं की साडूभाऊ लवंग तोंडात टाकायचे. लवंग संपली की हवामानावर बोलायचे, आणि शारजाच्या हवामानावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? फुजैराच्या गेटवर तर कसोटीच होती. तिथला सिक्युरिटी ऑफिसर प्रत्येक माणसामागे एक प्रश्न विचारतो : कागदाव्यतिरिक्त आम्हाला माहीत असावं असं काही? साडूभाऊंचा हा सगळ्यात आवडता प्रश्न. मागे एकदा याच प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी एका गार्डच्या घोरण्याचं इतकं बारकाईने वर्णन केलं होतं की ऑफिसरनी त्याला एकट्यालाच केबिन दिली. यावेळी त्यांनी पाणी मागितलं, ते प्यायलं, पुन्हा मागितलं. शेजारी दत्ताराम हेल्मेट छातीशी धरून उभा होता. "नो, सर," साडूभाऊ म्हणाले. "इट इज ऑल देअर." पास निघाला. बाहेर आल्यावर दत्तारामने पास दोनदा पुसून खिशात ठेवला आणि साडूभाऊंनी तोंडात लवंग टाकली.

काही महिन्यांनी दत्तारामची बायको आणि मुलगी आली आणि त्याने आम्हा दोन्ही कुटुंबांना जेवायला बोलावलं. आम्ही एका शनिवारी सकाळी डोंगरातला रस्ता पकडून फुजैराला गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीतून पाण्यात नांगरलेल्या तेलाच्या बोटी दिसत होत्या. सोलकढी झाली, वडे झाले, माशांविषयी तर मी बोलतच नाही, साडूभाऊंनी तो मासा आदल्या दिवशी कुठे होता हेसुद्धा विचारलं नाही. वहिनी बोलक्या, मोकळ्या होत्या. वाढता वाढता त्या साडूभाऊंच्या पानासमोर थांबल्या.

"साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की वहिनी."

"ह्यांनी तुमच्याकडे आधी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा मला फोनवर म्हणाले, आता घर मिळणार, बॅग भर. मी भरली. वाडीत सगळ्यांना सांगितलंसुद्धा. आणि दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात." त्यांचा हात भाताच्या भांड्यावर थांबला. "लोक म्हणाले, नवऱ्यातच काहीतरी खोट असणार, त्याशिवाय एवढे मोठे साहेब नाही म्हणतील? रागाच्या भरात मीही ह्यांना फोनवर तसंच बोलले. हे काही बोलले नाहीत. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून विचारते, तेव्हा ह्यांच्यात काय कमी होतं?"

दत्ताराम स्वयंपाकघराच्या दारात वड्यांची थाळी घेऊन उभा होता, तो तिथेच राहिला. साडूभाऊंना सगळं ठाऊक होतं : कुठली खोली, कुठलं पातेलं, कुठला डाव. फुजैराचं गेट सोडलं, तर विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर न देता हा माणूस आयुष्यात कधी उठलेला नाही. नुसतं "नियम होता" म्हटलं असतं तरी ते खोटं झालं नसतं, पण मग कुठला नियम, कशासाठी, हे वहिनींनी विचारलंच असतं. साडूभाऊंनी पानावरून हात बाजूला घेतला.

"काही कमी नव्हतं, वहिनी," ते म्हणाले. "चूक माझी झाली. ह्यांची फाइल मी दोन्ही वेळा नीट वाचलीच नाही."

वहिनींनी भाताचं भांडं खाली ठेवलं. "दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"अहो, मग एवढं शिकून काय उपयोग? वाचायचा कंटाळा केलात?"

"कंटाळाच केला म्हणायचा."

"इथे तुम्हाला कंटाळा आला, आणि तिथे माझी पोर..." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा डाव उचलला. "जाऊ दे. झालं ते झालं. पण पुढच्यांचं तरी नीट वाचत जा हो, साहेब."

"वाचत जाईन," साडूभाऊ म्हणाले. वहिनींनी त्यांना पुन्हा भात वाढला, बराच वाढला, आणि त्यांनी तो निमूट संपवला. दत्तारामने थाळी खाली ठेवली, दोन वडे साडूभाऊंच्या पानात टाकले आणि मान वर न करता आत निघून गेला.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवरून त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबा, यू मेड अ मिस्टेक? लाइक, फॉर रिअल?" ते म्हणाले, "येस, बेटा." "वाव," ती म्हणाली आणि लगेच फोनवर कोणाला तरी कळवायला लागली. ताईंना खरं माहीत नव्हतं, कारण कलम म्हणजे कलम, घरीसुद्धा ते बोलले नव्हते. पण इतक्या वर्षांचा संसार झालेला. त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं, पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, शिरा काढल्या आणि एक एक फोड त्यांच्या हातावर ठेवत राहिल्या.

वहिनींनी ती गोष्ट शेजारणींना सांगितली, शेजारणींच्या नवऱ्यांनी टर्मिनलवर नेली, आणि टर्मिनलवरून ती आमच्या ऑफिसात येऊन पोचली. आता नव्या पोरांना सरांची ओळख करून देताना कोणी ना कोणी ती हळूच सांगतंच. परवा एका नव्या मुलाने धीर करून त्यांनाच विचारलं, "सर, सुना है आपसे भी एक फाइल मिस हो गई थी?" साडूभाऊंनी हातातला दाखला उजेडाला धरला होता, तो खाली घेतला. "हां," ते म्हणाले, "हो गई थी." मी शेजारच्याच टेबलावर असतो. त्या पोराला उभं करून खरं काय ते सांगावं असं फार वाटतं, अभिमानाने ऊर भरून येतो. मग मी साडूभाऊंच्या ड्रॉवरमधून एक लवंग घेतो आणि माझं काम पुढे सुरू करतो.